चर्चच्या भिंतीवरची संत जोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, कापूस-तुरीच्या पट्ट्यात. चर्च लहान आहे, ऐंशी-नव्वद माणसं बसली की भरतं. आत शिरलं की डाव्या भिंतीवर सात फूट उंच आणि पाच फूट रुंद चित्र दिसतं. ते संत जोन ऑफ आर्कचं आहे आणि ते मी रंगवलं आहे. माझा धंदा पेंटरचा. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतींवरचे नकाशे, हे माझं रोजचं काम. चित्र पूर्ण झाल्यापासून गावातले, बाहेरगावचे, ख्रिस्ती, बिगरख्रिस्ती असे सगळेच येऊन बघतात आणि प्रश्न विचारतात. मी दरवेळी तिथं असतोच असं नाही, म्हणून उत्तरं लिहून ठेवतो आहे.

ही झाशीची राणी आहे का?

नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. बाजारातून परतताना डोकावलेल्या एका आजीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "काहो भाऊ, हे झाशीची राणी व्हय का?" तसं वाटणं साहजिक आहे. हातात तलवार असलेली बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मीबाईच येतात.

लक्ष्मीबाई १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढताना पडल्या. जोन त्यांच्या चारशे वर्षांहून आधीची. फ्रान्समधल्या दोंरेमी नावाच्या खेड्यात साधारण १४१२ मध्ये एका शेतकऱ्याच्या घरी ती जन्मली. ती राणी नव्हती की सरदाराची लेक नव्हती, म्हणून चित्रात तिच्या डोक्यावर मुकुट नाही.

तिची गोष्ट थोडक्यात सांगाल का?

फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या युद्ध चाललं होतं. फ्रान्सचा मोठा भाग इंग्रज आणि त्यांच्या बाजूचे बर्गंडीवाले (फ्रान्समधल्याच एका बड्या सरदाराची माणसं) यांच्या हातात होता आणि खऱ्या वारसाचा राज्याभिषेकसुद्धा झालेला नव्हता. जोन तेरा वर्षांची असताना, उन्हाळ्यातल्या एका दुपारी, बापाच्या बागेत तिला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. हे तिनं स्वतः न्यायालयात सांगितलं आहे. पुढे ती म्हणाली की ते आवाज देवदूत मिखाएल, संत कॅथरिन आणि संत मार्गारेट यांचे होते.

सतराव्या वर्षी ती त्या वारसाला, राजपुत्र चार्ल्सला, जाऊन भेटली. ८ मे १४२९ ला ओर्लेआं शहराचा वेढा उठला. आदल्याच दिवशी तिच्या मानेजवळ, खांद्याच्या वर बाण घुसला होता, तरी ती पुन्हा मैदानात आली. १७ जुलैला रांस शहराच्या कॅथेड्रलमध्ये सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा ती झेंडा घेऊन जवळच उभी होती. पुढच्या वर्षी २३ मे ला कोंपिएनपाशी बर्गंडीवाल्यांनी तिला पकडलं आणि १०,००० लिव्हर (त्या काळचं फ्रेंच चलन) घेऊन इंग्रजांच्या ताब्यात दिलं. रुआं शहरात खटला चालला आणि ३० मे १४३१ ला तिथल्या जुन्या बाजारात तिला जिवंत जाळलं. वय जेमतेम एकोणीस.

तलवार खाली आणि झेंडा वर, असं का काढलं?

या प्रश्नाची मी वाट बघत असतो, कारण सगळं चित्र त्यावरच उभं आहे.

न्यायाधीशांनी तिला विचारलं होतं की तुला झेंडा जास्त प्रिय की तलवार. ती म्हणाली, तलवारीपेक्षा झेंडा चाळीसपट प्रिय. हल्ल्याच्या वेळी ती स्वतः झेंडा धरायची, आपल्या हातून कोणी मरू नये म्हणून, आणि आपण कधीच कोणाला मारलं नाही असंही तिनं तिथंच सांगितलं. हे वाचल्यावर उगारलेल्या तलवारीचं माझं पहिलं स्केच मी बाजूला ठेवलं. आता तलवार म्यानात आहे, कमरेला लटकलेली. झेंड्याची काठी तिनं दोन्ही हातांनी धरली आहे. डावा हात वर, उजवा छातीशी. आषाढीच्या दिंडीत पताका धरणाऱ्या पोरांचे हात मी यासाठी नीट बघितले. वाऱ्यात पताका धरताना वरच्या हाताचं मनगट थोडं आत वळतं, तेच इथं आलं आहे.

झेंडा कसा होता तेही तिच्याच साक्षीत आहे. कापड पांढरं, त्यावर लिलीची फुलं विखुरलेली, मध्ये जग हातात धरलेला प्रभू, दोन बाजूंना दोन देवदूत, कडेला रेशमी झालर, आणि येशू व मारिया ही नावं. तूर गावच्या एका चित्रकारानं तो रंगवला आणि त्याला २५ लिव्हर मिळाल्याची हिशोबातली नोंद टिकून आहे. तिचं चिलखत १०० लिव्हरचं होतं. सहाशे वर्षांपूर्वी कापडावर रंग लावणाऱ्या एका माणसाची मजुरी वहीत लिहून ठेवली गेली, याचं मला, त्याच धंद्यातला म्हणून, फार अप्रूप वाटतं.

मी नावं देवनागरीत लिहिली, कारण इथं येणाऱ्यांना ती वाचता आली पाहिजेत. झेंड्याचा पांढरा रंग चुन्यासारखा शुभ्र नाही. पांढऱ्या भिंतीवर शुभ्र झेंडा दिसलाच नसता, म्हणून वेचणीच्या ताज्या कापसाचा पिवळसर पांढरा धरला. बोंड शेजारी ठेवून रंग मिळवला आहे.

ती फुलं कमळाची आहेत का?

नाही, ती लिली आहेत. तीन पाकळ्यांची ही खूण फ्रान्सच्या राजघराण्याची होती. शाळेतली मुलं त्यांना कमळच म्हणतात, मी प्रत्येक वेळी टोकत नाही.

तिचे केस का कापलेले आहेत? बाईमाणूस असं दाखवणं बरं दिसतं का?

कारण ते खरोखरच कापलेले होते. घोड्यावरून शत्रूच्या मुलखातून जायचं म्हणून तिनं पुरुषांचे कपडे घातले आणि केस त्या काळच्या पोरांसारखे कानावर गोल कापले. भिंतीवरच्या माझ्या पहिल्या रेखाटनात मी लांब वेणी काढली होती. फादरांनी वाचायला दिलेल्या कागदांतून चूक कळली आणि मी ती पुसली. वेणीची पुसट रेघ नीट बघितलं तर उजव्या खांद्यापाशी अजून दिसते.

पुरुषी पोशाख हा तिच्यावरच्या आरोपांतला एक मोठा आरोप होता. कैदेत पहारेकरी पुरुष होते, आणि त्या कपड्यांत आपली अब्रू सुरक्षित राहते हे तिचं म्हणणं होतं. आमच्याकडे पहाटे अंधारात शेतावर जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा फुलशर्ट चढवतात, त्यांना हे उत्तर दोन वाक्यांत समजतं.

चेहरा आपल्याकडच्या मुलीसारखा का? ती तर गोरी असेल ना?

ती दिसायला कशी होती हे सांगणारं एकही चित्र तिला समोर बसवून काढलेलं उरलेलं नाही. तिच्या हयातीतलं एकच रेखाटन टिकलं आहे. १० मे १४२९ ला ओर्लेआंची बातमी पॅरिसला पोचली, तेव्हा तिथल्या पार्लमेंटचा, म्हणजे वरिष्ठ न्यायालयाचा, कारकून क्लेमां द फोकांबेर्ग यानं नोंदवहीच्या समासात एक लहान आकृती काढली. एका बाजूनं दिसणारा चेहरा, तलवार आणि झेंडा. त्यानं जोनला कधीच पाहिलं नव्हतं, म्हणून त्यानं तिला लांब केस आणि बायकांचा झगा दिला. थोडक्यात, माझ्यासारखीच चूक त्याच्याही हातून झाली.

खटल्यात तिला विचारलं होतं की तू आपली चित्रं काढून घेतलीस का. ती म्हणाली, आरास गावी एका स्कॉटिश माणसाच्या हातात एक चित्र पाहिलं होतं, त्यात मी पूर्ण चिलखतात, एका गुडघ्यावर टेकून राजाला पत्र देते आहे. आपण होऊन एकही काढवून घेतलं नाही. ते चित्र आज नाही.

त्या काळातल्या एका नोंदीत तिचे केस काळे आणि आखूड असल्याचं लिहिलं आहे. काळे केस आणि उन्हातान्हात राबलेल्या शेतकऱ्याच्या मुलीचा रंग, एवढ्या आधारावर मी चेहरा काढला. युरोपातल्या चित्रकारांनी तिला आपापल्या गावच्या मुलींसारखं काढलं, मीही तेच केलं. कोणा एका मुलीचा चेहरा मात्र मी घेतलेला नाही. ते मुद्दाम टाळलं.

चिलखत इतकं खरं कसं वाटतं? कुठं बघितलं?

छायाचित्रांत. पण छायाचित्रावरून लोखंडाचा उजेड कळत नाही. म्हणून घरचा स्टीलचा गुंड (पाणी भरायचं भांडं) अंगणात ठेवला आणि सकाळपासून दुपारपर्यंत त्यात काय काय दिसतं ते बघत बसलो. वर आभाळ निळं दिसतं, खाली माती लाल-काळी, आणि मध्ये जिथं गुंड फुगलेला आहे तिथं एक पांढरी उभी रेघ, तीही सरळ नाही. छातीच्या पत्र्यावर तेच आहे. करडा रंग मी जवळजवळ वापरलाच नाही. निळा, मातकट आणि पांढरा, यांतूनच लोखंड उभं राहिलं. डाव्या खांद्याच्या जोडापाशी जवळ जाऊन बघा, पत्र्याच्या कडेला चुलीच्या राखेच्या रंगाची बारीक रेघ आहे. ती काढून टाकली की सगळा खांदा सपाट होतो.

तिला जळताना का नाही दाखवलं? खरं धैर्य तर तिथंच होतं.

असं बरेच जण म्हणतात, आणि जगात तशी चित्रं पुष्कळ आहेत. आमच्या चर्चमध्ये पहिल्या बाकांवर मुलं बसतात. शिवाय आपल्या भागात जळालेल्या बाईच्या बातम्या काही कमी नाहीत. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आलेल्या आयाबहिणींसमोर आगीतली मुलगी असावी, हे मला पटलं नाही. फादरांनाही नाही.

आणि तिचं धैर्य फक्त चितेवर होतं असं मला वाटत नाही. वाचनाची फारशी ओळख नसलेली ही मुलगी महिनोन्‌महिने शिकल्यासवरल्या माणसांपुढे एकटी उभी राहिली, वकील नसताना. तिला विचारलं, देवाची कृपा आपल्यावर आहे असं तुला ठाऊक आहे का? हो म्हटलं तर गर्व, नाही म्हटलं तर गुन्ह्याची कबुली. ती म्हणाली, नसेन कृपेत तर देव मला तिथं आणो, आणि असेन तर देव मला तिथंच ठेवो. मला रंगवायचा होता तो या उत्तराच्या क्षणाचा चेहरा. म्हणून ओठ मिटलेले आहेत, नुकतं बोलून झाल्यासारखे.

शेवटची एक खूण मात्र चित्रात आहे. खाली उजव्या कोपऱ्यात दोन काटक्यांचा लहान क्रूस दिसतो. चितेपाशी तिनं क्रूस मागितला तेव्हा एका इंग्रज शिपायानं लाकडाचे तुकडे जोडून तिला तो दिला आणि तिनं तो कपड्याआड छातीशी ठेवला. तुऱ्हाटीच्या काड्या समोर ठेवून मी तो काढला.

चर्चच्या लोकांनीच तिला दोषी ठरवलं, मग ती संत कशी?

हा प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. होय, खटला बिशप पियेर कोशों यानं चालवला आणि त्याच्यामागे इंग्रजांची सत्ता होती. तिच्या आईनं, इझाबेलनं, हार मानली नाही. १४५५ मध्ये म्हातारपणी ती पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये पोपच्या प्रतिनिधींपुढे उभी राहिली आणि लेकीसाठी न्याय मागितला. पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी परवानगी दिली होती. पुन्हा साक्षी झाल्या, आणि ७ जुलै १४५६ ला आधीचा निकाल रद्द झाला. पोप दहावे पायस यांनी १९०९ मध्ये तिला धन्य घोषित केलं (ही संतपदाच्या आधीची पायरी) आणि पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १६ मे १९२० ला संतपद दिलं. जाळल्यापासून संतपदापर्यंत ४८९ वर्षं.

त्या आईचं चित्र काढायचं माझ्या मनात आहे. समोरची भिंत रिकामी आहे.

हातात खजुराची फांदी का नाही? रक्तसाक्षी संतांना असते ना?

बारकाईनं बघणारे हे विचारतात. खजुराची फांदी ही श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या रक्तसाक्षींची खूण. जोनला चर्चनं रक्तसाक्षी म्हणून नव्हे, तर कुमारी संत म्हणून संतपद दिलं, म्हणून फांदी नाही.

तलवार धरलेली दुसरी एखादी संत असेल तर ओळखायचं कसं?

संतांच्या चित्रांत प्रत्येकाची खूण ठरलेली असते. दत्ताला तीन शिरं आणि मागे गाय असते, तसंच हे. तलवारीसोबत मोडकं चाक असेल तर ती अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन. बाजूला बुरुज असेल तर संत बार्बरा. पायाशी ड्रॅगन असेल तर संत मार्गारेट. कोकरू संत ॲग्नेसचं, आणि ताटलीत डोळे दिसले तर संत लुसी. चिलखत, आखूड केस आणि झेंडा हे तिन्ही एकत्र असतील तर ती जोन.

तुम्ही या चित्राची पूजा करता का? नवस चालतो का? नारळ फोडू का?

पूजा फक्त देवाची. संतांचा आम्ही मान राखतो आणि आमच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा असं त्यांना विनवतो. चित्राला दिलेला मान चित्रात दाखवलेल्या व्यक्तीला पोचतो, भिंतीला नाही, हे ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या धर्मसभेनंच ठरवलं आहे.

नारळ फोडू नका, गुलाल-कुंकू लावू नका, कारण रंगाला डाग पडतो आणि तो निघत नाही. फुलं आणायची असतील तर खाली ओट्यावर ठेवा. मेणबत्ती लावायची असेल तर भिंतीपासून दोन हात लांबच्या लोखंडी स्टँडवर. भिंतीला चिकटवून लावलेल्या एका मेणबत्तीनं झालर काळवंडली होती, ती मला पुन्हा रंगवावी लागली. हात जोडून उभं राहायला सगळ्यांना मोकळीक आहे, धर्म कोणताही असो.

मोठ्या चित्रकारांनी तिला कसं काढलं आहे?

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आंग्रचं १८५४ चं चित्र आहे. राज्याभिषेकाच्या वेळी चकचकीत चिलखतात, झेंडा धरून, वेदीवर हात ठेवलेली जोन. पॅरिसमध्येच फ्रेमिएनं केलेला सोनेरी अश्वारूढ पुतळा १८७४ पासून चौकात उभा आहे.

माझं आवडतं चित्र मात्र बास्तियां-लपाजचं, १८७९ मधलं. आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्यात चिलखत नाही, घोडा नाही. घराच्या मागच्या बागेत एक खेडूत मुलगी उभी आहे. सूत कातता कातता ती उठली आहे, मागे स्टूल कलंडलेलं. एक हात लांबवून तिनं झाडाच्या फांदीला धरलं आहे आणि डोळे कुठंतरी लांब. तिच्या पाठीमागे घराच्या भिंतीपाशी संत हवेत तरंगताहेत, चिलखत घातलेला मिखाएलही, पण ते इतके पुसट की आधी दिसतच नाहीत. चित्रकार स्वतः जोनच्याच लोरेन प्रांतातल्या खेड्यातला होता. खटल्यात जोन म्हणाली होती की शिवणात आणि सूत कातण्यात रुआंच्या कोणत्याही बाईला ती हार जाणार नाही. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात. चरख्यावरून उठलेली मुलगी म्हणजे काय, ते इथं समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक छायाचित्र. आम्हा ख्रिस्त्यांच्या घराघरांत जिची तसबीर असते ती फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत, छोटी तेरेझा, जोनची मोठी भक्त होती. १८९५ मध्ये मठातल्या नाटकात तिनं जोनची भूमिका केली आणि त्या वेषातले तिचे फोटो तिच्या बहिणीनं काढले. कागदाचं चिलखत, डोक्यावर केसांचा टोप, हातात झेंडा. एका संतानं दुसऱ्या संताचं रूप घेतलेलं असं छायाचित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

फ्रान्सची संत विदर्भातल्या खेड्यात कशाला?

फ्रान्स आणि विदर्भाची ओळख जुनी आहे. संत फ्रान्सिस द सालच्या नावाच्या संघाचे मिशनरी आजच्या फ्रान्समधल्या आनसी गावाहून १८४६ मध्ये विशाखापट्टणमला आले आणि तिथून त्यांचं काम नागपूरपर्यंत पोचलं. नागपूरचा धर्मप्रांत (एका बिशपच्या देखरेखीखालचा भाग) १८८७ मध्ये झाला, तिथलं कॅथेड्रल त्याच संताच्या नावाचं आहे. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ चा.

पण आमच्या भिंतीवर जोन आली ती मुलींमुळे. दृढीकरण संस्काराच्या वेळी, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीत, प्रत्येकानं एका संताचं नाव घ्यायची रीत आहे. त्या वर्षी पाचपैकी तीन मुलींनी जोनचं नाव घेतलं. का, असं फादरांनी विचारलं तर एक म्हणाली, "ती बापाच्या वावरातून निघून गेली अन् कोणाले भ्यायली नाही." फादरांनी मला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

चित्राला मधोमध तडा गेला आहे, तो दुरुस्त का करत नाही?

केला होता, दोनदा. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात ती फाटते, पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या उथळ पायाच्या भिंती तिच्याबरोबर हलतात. तडा झेंड्याच्या वरच्या टोकापासून तिच्या कोपरापर्यंत येतो. मे महिन्यात त्यात नख जातं, सप्टेंबरात तो जवळपास मिटतो. सिमेंटनं कडक भरला की शेजारी नवा पडतो. आता मी तो चुना आणि बारीक रेतीनं भरतो, कारण चुना थोडा सोसतो. खालचे पांढरे फुगवटे भिंतीला लोणा, म्हणजे खार, फुटल्याचे आहेत. ते ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं झाडा.

पहिल्या वेळी घाईघाईत ऑगस्टमध्ये ओलसर गिलाव्यावर रंग चढवला, तो दिवाळीपर्यंत पापड्या होऊन गळाला. चूक माझीच होती. आताचं चित्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, भिंत पूर्ण सुकल्यावर केलं आहे.

शाळेच्या स्पर्धेसाठी मुलीला हे चित्र काढायचं आहे. काय सांगाल?

घोडा काढू नको, कागद त्यातच संपतो. आधी झेंड्याची काठी ओढ, किंचित तिरपी, मग तिला धरणारे हात, मग बाकीचं शरीर. काठी आणि हात जमले की चित्र जमलं. चिलखताला पेन्सिलीचा करडा फासू नको, घरातलं एखादं स्टीलचं भांडं समोर ठेव. आणि केस आखूड.

चित्र बघायला कधी यावं?

सकाळी आठ ते साडेनऊ. पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपं येतं आणि झेंड्यावर पडतं. रविवारी मिस्सा असते, तेव्हा ती संपल्यावर या. ३० मे ला तिचा सण असतो, पण तेव्हा आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, म्हणून प्रार्थना संध्याकाळी ठेवतो. इतर दिवशी दाराला कुलूप दिसलं तर शेजारच्या कौलारू घरात चावी मिळेल. फोटो काढा, फ्लॅश नको.